‘रिप्लेस मारा, काम संपलं’ म्हणणाऱ्यांनी माझी लेबलं घेऊन जावीत

मागवाला:
परवा इथे एकाने लिहिलं, “मजकुरातली अक्षरं बदलायला रेगेक्सचं झेंगट कशाला? पायथनमध्ये रिप्लेसची एक ओळ मारा, काम संपलं.” खाली अंगठ्यांची रांग. नवख्यांसाठी: पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, रिप्लेस म्हणजे दिलेला तुकडा शोधून बदलणं, रेगेक्स म्हणजे अटी घालून नमुना शोधणं. ती एक ओळ मी मारली होती, तेव्हा ऐकाच.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेलवाल्या शेठजींची पार्ट्यांच्या नावा-पत्त्यांची यादी होती, चारेक हजार ओळींची. तीन दिवाणजींनी तीन काळात टाइप केलेली. त्यामुळे कुठे सोलापूर, कुठे सोलापुर, मध्येच पंढरपुर. शेठ म्हणाले, सगळं एकसारखं कर, उद्या लेबलं छापायचीत. मी ‘पुर’ शोधून ‘पूर’ केलं, वरच्या वीस ओळी बघितल्या, फाईल दिली आणि जेवायला गेलो. लेबलं छापून आली तर पुरुषोत्तमचा पूरुषोत्तम, पुरवठादाराचा पूरवठादार, पुरंदरची पार्टी पूरंदरला. रिप्लेसला शब्द कळत नाही. तुकडा दिसला की बदलला, एवढंच त्याला येतं. सगळी लेबलं माझ्या बिलातून कापली.

सात_रस्ता:
ती पोस्ट माझी. नाव घ्यायला काय झालं होतं? आणि चूक रिप्लेसची नाही, तुमची आहे. नुसतं ‘पुर’ कोण देतं? ‘सोलापुर’ अख्खं द्यायचं, ‘पंढरपुर’ अख्खं द्यायचं. गावं किती, पंचवीस? पंचवीस ओळी लिहायच्या. बारा वर्षं हेच करतोय, माझं एक खोकं परत आलेलं नाही.

मागवाला:
अख्खं ‘सोलापुर’ दिलं तरी ‘सोलापुरी चादर’ची ‘सोलापूरी चादर’ होते ना बे. ‘सोलापुरात’चं ‘सोलापूरात’.

सात_रस्ता:
मग बिघडलं काय? सोलापूरी बरोबरच आहे.

प्रूफवाली_काकू:
बरोबर?? मी तीस वर्षं मुद्रितशोधन केलंय, आधी दम घेते.

१९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांत गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहायचा असं आहे: नागपूर, सोलापूर. मान्य. पण सामान्यरूप झालं की तो ऊ ऱ्हस्व होतो. गरीब, पण गरिबाला. सोलापूर, पण सोलापुरात. आणि कोल्हापुरी चप्पल लिहिताना पू दीर्घ काढता का? मग आपल्याच चादरीने काय घोडं मारलंय?

सात_रस्ता:
काकू, नियमात दीर्घ म्हटलंय तर दीर्घ. पुढे प्रत्यय लागला की गावाचं नाव बदलतं का? आमच्या वडिलांच्या दुकानावर ‘सोलापूरी चादर’ अशी पाटी माझ्या जन्माआधीपासून आहे. एक गिऱ्हाईक पाटी वाचून परत गेलेलं नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जाऊन पाट्या बघा, निम्म्या अशाच आहेत.

प्रूफवाली_काकू:
गड्ड्यावर मी पाळण्यात बसायला जाते, शुद्धलेखन शिकायला नाही.

रेगेक्स_भक्त:
अरे मूळ मुद्द्यावर या. उपाय सोपा आहे. रेगेक्समध्ये ‘पुर’च्या पुढे बॅकस्लॅश बी लावा, म्हणजे शब्दाची सीमा. शब्द संपतो तिथलाच ‘पुर’ बदलेल. हे पहिल्या धड्यात असतं.

मागवाला:
लावून बघितलंस? मी बघितलं. ‘पुरवठादार’ वाचला, कारण र नंतर व आहे. पण ‘पुरुषोत्तम’ पुन्हा बिघडला, ‘सोलापुरात’ही. पायथनमध्ये रेगेक्ससाठी जे नेहमीचं री (re) मॉड्यूल असतं, त्याला उकार, काना, वेलांटी हे शब्दातलं अक्षरच वाटत नाही. ‘पुरु’मधला ‘रु’ म्हणजे र आणि त्याच्यामागे सुटा उकार. मॉड्यूल म्हणतं, र पाशी शब्द संपला. पहिला धडा इंग्रजीसाठी लिहिलेला आहे रे बाबा.

रेगेक्स_भक्त:
हे माहीत नव्हतं. मग वेगळं बसवायचं ते रेगेक्स नावाचंच मॉड्यूल वापरा, त्याला मात्रा कळतात. नाहीतर ‘पुर’च्या पुढे देवनागरी पट्ट्यातलं, म्हणजे युनिकोडने (संगणकाच्या अक्षरांच्या क्रमांक-यादीने) देवनागरीला दिलेल्या सलग क्रमांकांतलं, काहीच नको, अशी अट घाला.

गोदाम_क्र_२:
आमच्याकडचं सांगू? मालकांनी दोन गोदामांचे नंबर आपसात बदलले. नवीन पोराने आधी सगळे १ चे २ केले, मग सगळे २ चे १. संध्याकाळपर्यंत अख्खा माल गोदाम १ मध्ये. कागदावर, अर्थात. अशा ठिकाणी पायथनमधलं ट्रान्सलेट वापरायचं असतं, ते सगळे बदल एका फेरीत करतं, आधी बदललेल्याला पुन्हा हात लावत नाही. पण तेही एकेका अक्षरापुरतंच, ‘गोदाम १२’ आलं की तेही फसणार.

आणि दुसरं, तुमचं शोधलेलं सापडतं तरी का? ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. आमच्या जुन्या फायलीत तो अ आणि वर चंद्र असा दोन तुकड्यांत आहे. स्क्रीनवर सारखाच दिसतो, शोधला तर शून्य. गिऱ्हाईकमधल्या ऱ्ह ची तीच कथा.

प्रूफवाली_काकू:
आणि दु:ख! निम्मी दुनिया विसर्गाच्या जागी कोलन टाइप करते. एकाने माझ्या फाईलमधले सगळे कोलन एका झटक्यात विसर्ग करून दिले. ‘वेळः सकाळी १०ः३०’. वर विचारतो, काकू, आता खूश? त्याचं तोंड पुन्हा बघितलं नाही.

सात_रस्ता:
बघा, चार दिग्गज आले आणि प्रत्येकाचा पोपट झाला. माझी पंचवीस ओळींची यादी अजून उभी आहे.

मागवाला:
उभी आहे, ‘सोलापूरी’सकट.

बरं, भक्ताची अट चालवून बघितली. पुरुषोत्तम वाचला, सोलापुरात वाचलं, पुरंदरही जागेवर. ‘सोलापुर४१३००५’ असं पिनकोड चिकटवून लिहिलेलं तेवढं सुटलं, कारण आपले आकडेही त्याच पट्ट्यात येतात. आणि एक पार्टी ‘नूपुर’ नावाची होती. तिची नूपूर झाली.

प्रूफवाली_काकू:
नूपुर ऱ्हस्वच. तत्सम आहे.

सात_रस्ता:
म्हणजे शेवटी गावांची यादी हवीच. म्हणा की एकदा.

मागवाला:
यादी तुझी, अट भक्ताची. दोन्ही एकत्र लावलं, नूपुर वाचली. घे, म्हटलं. पुढच्या वेळी पोस्टमध्ये ‘काम संपलं’ लिहिण्याआधी शंभर ओळी डोळ्यांनी बघायला सांग. मला तेवढं कुणी सांगितलं असतं तर पैसे कापले गेले नसते.

रेगेक्स_भक्त:
त्या लेबलांचं काय केलं?

मागवाला:
दोन गठ्ठे घरी पडलेत. पत्त्याखाली ‘अस्सल सोलापूरी टॉवेल’ छापलंय. सात रस्तावाल्यांच्या वडिलांच्या पाटीला जुळतील. पाठवू?

सात_रस्ता:
मागची बाजू कोरी आहे का?