स्क्रिप्टमधून युजरची होम डिरेक्टरी शोधायची कशी? (लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीकडे)

अर्धाडेव्ह:
पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिलीये, युजरच्या होममधली (म्हणजे त्याच्या स्वतःच्या मुख्य फोल्डरमधली) सेटिंग फाइल वाचते आणि तिथेच लॉग टाकते, एवढंच. माझ्या लिनक्सवर मक्खन चालते. मी एन्व्हायर्नमेंटमधून (सिस्टिम प्रोग्रामला जी व्हेरिएबल्स देते त्यातून) सरळ होम व्हेरिएबल उचललं होतं. टीममधल्या विंडोजवाल्याने चालवली तर पहिल्याच ओळीत की-एरर (ते नावच सापडलं नाही), पण तोच माणूस गिट बॅशमधून (गिटसोबत येणारी लिनक्ससारखी कमांड विंडो) चालवतो तेव्हा चालते!! मग मी इफ-एल्स टाकून विंडोजसाठी युजरप्रोफाइल (तिथलं तसलंच व्हेरिएबल) घेतलं, तर आता सर्व्हरवर सुडोने (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) चालवल्यावर सेटिंग फाइलच सापडत नाही म्हणते. त्याच्याआधी नुसतं टिल्ड स्लॅश (~/, होमचं शॉर्टकट चिन्ह) लिहून पण बघितलं होतं, तेही नाही चाललं. एका फोल्डरच्या पत्त्यासाठी तीन दिवस गेलेत, कोणीतरी सांगा राव.

जुनाबॅश:
इफ-एल्स काढून टाक आधी. पायथनच्याच पाथलिब लायब्ररीमध्ये पाथ डॉट होम आहे (पायथन ३.५ पासून), तिन्हीकडे चालतं. दुसरीकडे म्हणशील तर नोडमध्ये ओएस डॉट होमडिर, गोमध्ये १.१२ पासून युजरहोमडिर, पॉवरशेलमध्ये डॉलर होम. सगळ्यांनी हे आधीच करून ठेवलंय, आपण कशाला परत करायचं.

गिट बॅशचं कोडं सोपं आहे, विंडोज स्वतः होम नावाचं व्हेरिएबल सेट करत नाही, गिट बॅश करतं. म्हणून तिथे चाललं आणि साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आपटलं.

आणि टिल्ड ऑपरेटिंग सिस्टिमला कळतच नाही! तो शेल (तू टाइप केलेली कमांड वाचणारा प्रोग्राम) उलगडतो, तेही कोट्सच्या बाहेर असेल तरच. पायथनच्या ओपनला दिलास तर तो टिल्ड नावाचं खरंखुरं फोल्डर शोधत बसणार. पायथनच्या एक्सपांडयूजर फंक्शनमधून काढ (ते टिल्डच्या जागी खरा पत्ता घालतं) आणि मग दे.

रात्रपाळी:
वरचं बरोबर आहे पण एक खोच राहिली. विंडोजवर पायथन ३.७ पर्यंतचं एक्सपांडयूजर आधी होम व्हेरिएबल बघायचं, ३.८ पासून ते बघणं बंद केलं, आता आधी युजरप्रोफाइल आणि ते नसेल तर होमड्राइव्ह अधिक होमपाथ. म्हणजे कोणी होम मुद्दाम दुसरीकडे वळवलं असेल तर पायथन अपग्रेड केल्यावर सेटिंग "गायब" होतात, फाइल तिथेच असते, आपण भलतीकडे बघत असतो. मी अर्धा दिवस डोकं आपटलंय यावर. आणि होमड्राइव्ह-होमपाथ स्वतः जोडत बसू नकोस, ऑफिसच्या डोमेनवाल्या मशीनवर ते कधी कधी नेटवर्क ड्राइव्हकडे बोट दाखवतं.

सिसॅडमिनकाका:
सुडोचं कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. अर्धाडेव्ह, तुझी स्क्रिप्ट तिथे खोटं बोलत नाहीये. तू विचारलंस "माझं घर कुठे", आणि त्या क्षणी तू रूट (सर्वाधिकारी अ‍ॅडमिन युजर) आहेस, मग ती स्लॅश रूट, म्हणजे रूटचं घर, म्हणणारच. उबुंटूवर पूर्वी सुडो तुझंच होम पुढे न्यायचं, १९.१० पासून ते रूटचं होऊ लागलं. मॅकवर अजून तुझंच राहतं. म्हणजे कमांड एकच आणि उत्तरं दोन. मूळ माणसाचंच घर हवं असेल तर सुडो-युजर व्हेरिएबलमधून नाव घे, टिल्डच्या मागे चिकटव आणि एक्सपांडयूजरला दे, ते पासवर्ड डेटाबेसमधून (सिस्टिमच्या युजरयादीतून) खरा पत्ता काढतं, लिनक्स-मॅक दोन्हीकडे. विंडोजवर ही युक्ती करू नकोस, तिथे ते नुसता अंदाज बांधतं, चालू युजरच्या शेजारच्या फोल्डरला ते नाव लावून मोकळं.

शिवाय सुडोखाली त्या घरात लॉग लिहिलास की फाइलचा मालक रूट. उद्या तीच स्क्रिप्ट साध्या युजरने चालवलीस की परमिशन डिनाइड, मग परत इथे येशील 😄 माझं मत विचारशील तर सर्व्हरवर होमच्या नादी लागूच नये, सेटिंग फाइलचा पाथ आर्ग्युमेंट म्हणून (स्क्रिप्ट चालवताना कमांडसोबत) द्यावा. सर्व्हिस म्हणून चालवलीस तर अजून मजा, विंडोजवर लोकलसिस्टिमचं (सर्व्हिससाठीचं सिस्टिमचं खातं) घर सिस्टिम३२ च्या आत कॉन्फिग, त्याच्या आत सिस्टिमप्रोफाइल. तिथे लॉग शोधायला कोण जाणार?

अर्धाडेव्ह:
पाथ डॉट होम टाकलं, विंडोज आणि मॅक दोन्ही चालू झालं. सर्व्हरवर काकांचं ऐकून पाथ आर्ग्युमेंटमध्ये दिला, सुडोपण काढला, गरजच नव्हती खरं तर. थँक्यू सगळ्यांना 🙏

एकच राहिलं, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टिल्ड नावाचं एक फोल्डर दिसतंय, आत माझे जुने लॉग आहेत, ते पहिल्या प्रयत्नाचे असणार. आरएम मायनस आरएफ (न विचारता सगळं पुसणारी कमांड) मारून उडवतो.

जुनाबॅश:
थांब थांब थांब!!! नुसतं टिल्ड लिहिलंस तर शेल ते उलगडून तुझं अख्खं घर साफ करेल. आधी डॉट स्लॅश लाव आणि मग टिल्ड, किंवा फाइल मॅनेजरमधून उडव.

अर्धाडेव्ह:
बापरे. कमांड टाइप करून झाली होती, फक्त एंटर बाकी होता.