'प्रॉडक्ट मॅनेजर'ला मराठीत काय म्हणावं?

गेल्या महिन्यात मी आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्टमधून (ग्राहकांचे फोन घेण्याच्या कामातून) प्रॉडक्ट मॅनेजर झाले, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाला काय हवं ते बघणारी. आईने शेजारच्या काकांना कौतुकाने सांगितलं, "पोरगी मॅनेजर झाली." काकांनी विचारलं, "हाताखाली किती माणसं?" एकही नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग 'उत्पादन व्यवस्थापक' म्हणून पाहिलं, तर म्हणाले, "भोसरीत का?" त्यांचं तरी काय चुकलं! 'उत्पादन' म्हणजे तयार मालही आणि तो तयार करणंही. हे पद ऐकलं की कारखान्याचा भोंगाच ऐकू येतो. दुसरा शब्द सुचवा.

— 'कारभारी' घ्या की. सखारामबापू, नाना फडणीस कारभारीच होते.

— त्यांचा हुकूम चालायचा हो. ताईंचा चालत नाही. शिवाय आमच्याकडे 'कारभारी' म्हणजे नवरा.

— मग 'सूत्रधार'?

— रोज 'मुख्य सूत्रधार अटकेत' वाचतो आपण. छापा व्हिजिटिंग कार्डावर!

— जरा मुळाशी जाऊ. 'मॅनेज'च्या मागे इटालियन 'मानेज्जारे' आहे, म्हणजे हाताळणं, विशेषतः घोडा. त्याच्याही मागे लॅटिन 'मानुस', हात. आपल्या 'हाताळणे'तही हातच आहे. मराठीत आल्यावर मात्र 'मॅनेज' बिघडला. 'साहेबाला मॅनेज केलं' यात हात आहे, पण टेबलाखालचा.

या पदाचा उगम बहुतेक जण १९३१ सालच्या एका टिपणात शोधतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय कॅमे साबणाची जाहिरात बघायचे, आणि त्याच कंपनीचा आयव्हरी साबण कॅमेपेक्षा मोठा. एका ब्रँडची सगळी काळजी वाहणारी वेगळी माणसं हवीत, असं त्यांनी लिहिलं. त्यांचा शब्द होता 'ब्रँड मेन'. ब्रँडची माणसं! यात मॅनेजर कुठेच नाही. (हेच गृहस्थ पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले.)

— धागाकर्ती: 'हाताळणे' वाचून थबकले. आमचं दुकानदारांसाठीचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे. बार्शीच्या एका किराणा दुकानदाराचा सारखा फोन यायचा, "मॅडम, उधारीची वही कुठंय?" मी दर वेळी सांगायचे, अहवाल, मग ग्राहक, मग थकबाकी. एकदा त्यांच्या दुकानात जाऊन बसले. गल्ल्याशेजारी सॉफ्टवेअर उघडं, आणि उधारी मात्र लाल कापडी बांधणीच्या वहीत. त्यांना अहवाल नकोच होता. गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याच्या नावावर बोट ठेवायचं होतं. परत येऊन मी तीन आठवडे डेव्हलपरांच्या टेबलांशी घुटमळले. हुकूम देणारी मी कोण! शेवटी पहिल्याच पडद्यावर 'उधारी वही' असं बटण आलं. तेव्हा हे पद माझ्याकडे नव्हतं, आणि अशा कामाला नाव असतं हेही ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं की फोन उचलण्यापेक्षा हे जमतंय, आणि यात थकवा येत नाही.

— त्यालाच 'पिंड' म्हणतात. 'करिअर सापडलं' हे मला परकं वाटतं. 'पिंडाला मानवलं' म्हणा. पदाला मराठी शब्द नाही मिळाला तरी चालेल.

— धागाकर्ती: काकांना काल सांगून पाहिलं, "वस्तू हाताळते." म्हणाले, "म्हणजे गोदामात?"