फर्स्ट इयर कॉम्प्युटर: सगळ्यांना येतं, मलाच येत नाही

लातूरचा_पोरगा: दहावीपर्यंत मराठी मीडियम, बारावीपर्यंत कोडिंगचा क पण माहीत नव्हता, आता पुण्यात कॉम्प्युटरला. काल सी लँग्वेजच्या प्रॅक्टिकलला प्रोग्रॅम रन केला की 'सेगमेंटेशन फॉल्ट' अशी एरर येऊन बंद, अर्धा तास स्क्रीनकडे बघत बसलो, बाजूचा पोरगा पॉइंटर-बिइंटर बोलतोय, सर 'एनी डाउट्स' म्हणाले तर तोंडच उघडेना. ब्रँच चुकली का?

रात्रीचा_डीबगर: अरे स्कॅनएफमध्ये (इनपुट वाचायचं फंक्शन) अँपरसँड (& चिन्ह) टाकायचा राहिला असेल, आकडा वाचताना व्हेरिएबलचा पत्ता द्यावा लागतो. सगळ्यांनी खाल्लेली माती आहे ही. जीसीसीच्या (सीचा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) वॉर्निंग चालू ठेव, ते आधीच ओरडतं.

खडूवाली_मॅडम: मी शिकवते म्हणून सांगते, बाजूचा पोरगा हुशार असेलच असं नाही, तो दोन वर्षं आधी सुरू झालाय एवढंच. अमेरिकेतल्या हार्वे मड कॉलेजने 2006 च्या सुमारास पहिल्या वर्षाचा कोर्सच वाटून टाकला, आधी कोडिंग केलेल्यांची तुकडी वेगळी, नवख्यांची वेगळी, आणि वर्गात शायनिंग मारणाऱ्याला सर बाजूला घेऊन सांगायचे, बाळा, हे आपण तासानंतर बोलू. तिथे कॉम्प्युटर घेणाऱ्यांत मुली काही वर्षांत साधारण 10 टक्क्यांवरून 40 वर गेल्या. आपल्याकडे 60-70 पोरं एकाच वर्गात कोंबतात, काय बोलणार.

मेस_नंबर_दोन: आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघ, सी मराठीतून आहे, फुकट. आणि लॅबला एक पार्टनर पकड, तुझ्यासारखाच गोंधळलेला.

लातूरचा_पोरगा: अँपरसँडच होता राव 😅 मॅडम, थँक्यू. पार्टनर पण मिळाला, मागच्या बेंचवरचा, त्याचा पण फॉल्टच येत होता.