ग्रंथेतर साहित्याच्या तालिकाकारांची संघटना: अध्यक्षाने नेमकं करायचं काय?

निपाणीचा ग्रंथपाल
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले आम्ही काही ग्रंथपाल तबकड्या, कॅसेटी, नकाशे, डीव्हीडी यांच्या नोंदी करतो. अशा नोंदी करणाऱ्यांची, म्हणजे तालिकाकारांची, संघटना काढायचं ठरलंय आणि पहिली दोन वर्षं अध्यक्षपद माझ्याकडे आलंय. गडहिंग्लज-चंदगडचे लोकही यायचं म्हणतात. नोंदणी कुठल्या राज्यात करावी? पदं कशी ठेवावीत? आणि उद्घाटन, शाल-श्रीफळ झाल्यावर पुढं काय? जाणत्यांनी सांगा की.

हिशेबनीस
नोंदणी बेळगावातच करा. कर्नाटकाच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात. गडहिंग्लजवाले याच संस्थेचे सभासद होऊ शकतात, त्यांच्यासाठी तिकडे दुसरं दुकान उघडू नका. महाराष्ट्रात नोंदणी केली की १८६० च्या कायद्याबरोबर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही मागे लागतो, आणि कार्यकारिणीतल्या प्रत्येक बदलासाठी धर्मादाय कार्यालयाचे हेलपाटे.

निबंधकांकडे जाणारी घटना कन्नड किंवा इंग्रजीत करा. सभासदांसाठी मराठी तर्जुमा ठेवा, पण वाद झाला तर कोणता पाठ धरायचा, हे घटनेतच एका ओळीत लिहून टाका.

वार्षिक सभा झाली की १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी आणि तपासलेला ताळेबंद निबंधकांकडे गेला पाहिजे. बहुतेक छोट्या संस्था इथंच घसरतात. दोन-तीन वर्षं यादी गेली नाही, की नवा कोषाध्यक्ष बँकेत सही बदलायला जातो, बँक प्रमाणित यादी मागते आणि खातं अडकून बसतं.

दोन वर्षांचं अध्यक्षपद मला पटत नाही. अमेरिकेत याच कामासाठी १९८० पासून ‘ओलॅक’ ही संघटना आहे (पूर्ण नाव ऑनलाइन ऑडिओव्हिज्युअल कॅटलॉगर्स). तिथं निवडून आलेला माणूस आधी उपाध्यक्ष, मग अध्यक्ष, मग माजी अध्यक्ष म्हणून कार्यकारिणीतच राहतो. एकदा निवडणूक, तीन वर्षांची बांधिलकी, आणि खुर्चीवर येणाऱ्याला कामाची माहिती आधीपासून. सचिव आणि कोषाध्यक्ष मात्र एकाच वर्षी बदलू नका, दप्तर आणि पैसा दोन्ही एकदम नवख्या हातात जातात.

तबकडी ७८
नोंदणीचं वर छान आलंय. पण संघटना टिकते ती कामावर, आणि इथलं काम एकच: एकाच वस्तूची नोंद पाच ग्रंथालयांत पाच तऱ्हेनं होऊ नये. ओलॅकलाही किंमत आहे ती त्यांच्या डीव्हीडी, ब्लू-रे वगैरेंच्या मार्गदर्शिकांमुळे. तुम्ही पहिल्या वर्षी एकच करा, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचं निर्णयपत्रक, म्हणजे नोंद कशी करायची याचे सगळ्यांनी ठरवलेले नियम. चार पानांपेक्षा मोठं नको.

त्यात काय ठरवायचं? लेबलवरचा विक्री क्रमांक आणि लेबलाजवळच्या मोकळ्या भागात उमटलेला मॅट्रिक्स क्रमांक (मूळ साच्याचा) दोन्ही मार्कच्या, म्हणजे संगणकीय नोंदीच्या ठरीव साच्याच्या, ०२८ क्रमांकाच्या रकान्यातच जातात, पण रकान्यापुढचा पहिला निर्देशांक वेगळा: विक्री क्रमांकाला ०, मॅट्रिक्सला १. लोक दोन्हींना ० देतात, मग मॅट्रिक्सवरून शोधताना नोंद हाती लागत नाही. ३०० मध्ये संख्या आणि व्यास, वेग ३४४ मध्ये. आशय, माध्यम, वाहक यांसाठी ३३६, ३३७, ३३८. जुन्या पद्धतीनं २४५ मध्ये कंसात ‘ध्वनिमुद्रण’ लिहिण्याची सवय आरडीए हे नवे नोंदनियम आल्यावरही सुटलेली नाही, ती सोडवा.

सगळ्यात जास्त घोळ वर्षाचा. तबकडीवर बहुधा वर्ष नसतं. अंदाज चौकोनी कंसात प्रश्नचिन्हासह द्या, छातीठोकपणे नको. जुन्या नाट्यगीतांच्या सीडीवर तर लोक ध्वनिमुद्रणाचं वर्ष प्रकाशनाचं म्हणून टाकतात. सीडी निघाली ते वर्ष २६४ मध्ये. मूळ ध्वनिमुद्रण कधी, कुठं झालं ते ५१८ मध्ये.

कार्यशाळा घ्याल तेव्हा भाषणं एका तासात आवरा. वीस जण असतील तर चार-चारांची पाच टेबलं. प्रत्येक टेबलावर एक तबकडी, एक कॅसेट, एक नकाशा, एक डीव्हीडी. सगळ्यांनी कोऱ्या अर्जावर नोंद करायची आणि नंतर फळ्यावर ताडून पाहायची. जिथं मतं फुटतात तोच निर्णयपत्रकाचा पुढचा मुद्दा.

निपाणीचा ग्रंथपाल
धन्यवाद सर. नावांचं कसं करायचं? आमच्याकडे निम्म्या तबकड्यांवर मराठी, निम्म्यांवर कन्नड, आणि काहींवर नुसतं इंग्रजी.

लिपीकारण
नावांसाठी तीन जणांची उपसमिती नेमा, त्यात कन्नड उत्तम वाचणारा एक तरी हवाच. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर ‘गांधारी’ हे नाव आहे. कुमार गंधर्वांचं मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. एक अधिकृत रूप धरा, बाकीची नावं त्या नावाच्या अधिकृत नोंदीत ४०० च्या मालिकेत ‘पाहा’ संदर्भ म्हणून. लेबलवरचं नाव नोंदीत जसंच्या तसं उतरवा, सुधारू नका. दुसऱ्या लिपीतलं रूप ८८० मध्ये जोडा; कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर शोध दोन्ही लिपींत चालतो का, हे आधी दहा नोंदींवर तपासा.

गावाच्या नावावर संघटनेत भांडण लावून घेऊ नका. २०१४ मध्ये अधिकृत नाव बेळगावी झालं, पण जुन्या लेबलवर ‘बेळगाव’ असेल तर प्रकाशनस्थळ तेच लिहायचं. अधिकृत रूपाचा निर्णय स्थलनामाच्या नोंदीत, एकदाच.

नकाशांचंही तसंच. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंची पत्रकावर २५५ मध्ये १:६३,३६० लिहा. नुसतं ‘एक इंच एक मैल’ लिहून थांबलात तर ०३४ हा प्रमाणाच्या आकड्याचा रकाना रिकामा राहतो आणि प्रमाणावरून शोधता येत नाही. आणि पत्रक क्रमांक (बेळगाव भागातल्या पत्रकांचा ‘४८ आय’ने सुरू होतो) सोडू नका. वाचक तोच घेऊन येतो.

हिशेबनीस
वर्गणीचं राहिलं. ती व्यक्तीची वेगळी, संस्थेची वेगळी ठेवा; संस्थेला एकच मत. नाहीतर मोठं कॉलेज दहा नावं भरून निवडणूक पळवतं. निर्णयपत्रकावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख छापा, म्हणजे कुठल्या नोंदी जुन्या नियमानं झाल्या ते कळेल.

तबकडी ७८
आणि ते सभासद नसलेल्यांनाही फुकट द्या. हवंय ते नोंदी जुळणं, वर्गणी नव्हे.