मदत हवी आहे: कानातल्याच्या हूकसाठी कोणती तार घ्यावी? (मुंबई)

नमस्कार. मी लालबागला राहते आणि तारेची कानातली घरीच करते. पुढच्या महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे. हळदीला आम्ही सगळ्या बहिणी एकसारखे डूल घालणार आणि ते मी करणार, असं ठरलंय. अडलंय ते फक्त कानात जाणाऱ्या हूकपाशी.

डूल २० गेजच्या, म्हणजे साधारण ०.८ मिमी पितळी तारेचे आहेत. गोल टोकाच्या पकडीने मधला छोटा वेढा घ्यायचा, मग बोटांनी दाबत चक्र मोठं करत न्यायचं. शेवटी छोट्या ऐरणीवर हलके ठोके दिले की तार कडक होते आणि आकार धरून राहते. (पक्कड गुळगुळीत जबड्याचीच हवी, दातेरी पकडीचे वण पॉलिशनेही नीट जात नाहीत.)

हूकही त्याच तारेचे केले होते. धाकट्या बहिणीने ते घालून लोकलने प्रवास केला. घाम आला आणि संध्याकाळपर्यंत कानाच्या भोकाभोवती लाल होऊन खाज सुटली. भुलेश्वरला एका दुकानात जर्मन सिल्व्हरची तार दाखवली, तीही चांदीचीच म्हणून. त्यात चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. कानातल्यांची अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा निकेलचीच असते, म्हणून ती मी घेतली नाही.

आता ९२.५ चांदीची तार घ्यावी असं वाटतंय. पण ती हूकसाठी मऊ पडेल का? आणि थोडीशीच तार कुठे मिळेल? कुणाच्या कानाला त्रास झालेला मला चालणार नाही, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

प्रतिसाद

ताई, चांदीच घ्या. झवेरी बाजारात एखाद्या कारागिराकडून ०.८ मिमीची तार ओढून घ्या आणि ओढल्यावर ती तापवू नका, असं आधीच सांगा. ओढताना तार आपोआप कडक होते, तापवली की पुन्हा मऊ पडते. हूक वळवून झाल्यावर वरच्या कमानीवर दोन-चार ठोके द्या, पण भोकात जाणारा भाग चपटा करू नका, त्याच्या कडा टोचतात.

खर्चाची फार काळजी नको. एका जोडीला नऊ-दहा सेंटीमीटर तार लागते, म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम चांदी. चांदीचं पाणी दिलेले तयार हूक मात्र घेऊ नका. मुलामा झिजला की आतला धातू कानाला लागतो. सर्जिकल स्टीलमध्येही निकेल असतं; ते सहसा बाहेर सुटत नाही, तरी नाजूक कानांना त्याचा भरवसा नाही.

आणि टोक! कटरने कापलेली तार आत ओरखडते. बारीक कानशीने टोक गोल करा, मग पॉलिश पेपर फिरवा. बोटाच्या पेरावर घासून बघा, जरा जरी अडकलं तरी पुन्हा घासा.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार, शनिवारी झवेरी बाजार गाठते. धाकटीच्या जोडीपुरते टायटॅनियमचे हूक मिळाले तर तेच घालीन म्हणते. मुंबईत कुणी दुकानातून प्रत्यक्ष घेतले असतील तर कृपया जागा सांगा.