जुना बी४५० बोर्ड ठेवून नुसता प्रोसेसर बदलावा का?

कोपऱ्यातला पंखा

भाच्याचा गेमिंग पीसी २०१९ मध्ये असेंबल केलेला. बी४५० मदरबोर्ड, प्रोसेसर रायझन ५ २६००, डीडीआर४ रॅम १६ जीबी, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय. नवे गेम रडतखडत चालतात म्हणून तो दुकानात विचारायला गेला, तर "बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळंच बदलावं लागेल" असं ऐकून तोंड पाडून परत आला.

मला हे अजिबात पटलेलं नाही. बोर्ड तोच ठेवावा, त्यात रायझन ५ ५६०० बसवावा आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. तेही घरी, आपल्या हातांनी.

२६०० आणि ५६०० दोन्ही एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), दोन्ही ६५ वॉटचे. म्हणजे कूलर तोच चालतो, बोर्डावर जादा भार नाही. एएम४ नंतरच्या एएम५ सॉकेटचा नवा बोर्ड घेतला तर त्यात फक्त डीडीआर५ रॅम बसते. डीडीआर४ ची खाचच वेगळ्या जागी असते, त्यामुळे आहे ती १६ जीबी कपाटात. आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव किती चढले ते सगळ्यांनी पाहिलंय.

खरं दुखणं ४ जीबीच्या १०५० टीआयमध्ये आहे. ती तशीच ठेवून कितीही भारी प्रोसेसर टाका, १०८० पीच्या स्क्रीनवर फारसा फरक दिसणार नाही. दुकानदाराने तिचं नावसुद्धा काढलं नाही, याचंच जास्त आश्चर्य वाटलं.

ओम शॉर्टसर्किटाय नमः

पंखेसाहेब, हे म्हणजे पडक्या वाड्याला ऑइलपेंट. एएम४ वर आता पुढे काही नाही. आज ५६०० घ्याल, तीन वर्षांनी पुन्हा बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही घ्यावेच लागतील. एएम५ आलं २०२२ मध्ये आणि रायझन बनवणाऱ्या एएमडीने २०२७ पर्यंत तरी त्याला साथ देण्याचं जाहीर केलंय. एकदाच खर्च करा, पुढे नुसता प्रोसेसर बदला.

शिवाय बी४५० म्हणजे पीसीआयई ३.०, कार्डाच्या स्लॉटची जुनी, हळू पिढी. स्वस्तातली बरीच कार्डं स्लॉटच्या पूर्ण सोळा लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतच नाहीत. आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच लेन आहेत. नव्या बोर्डावर ते कसंबसं चालतं, जुन्यावर गुदमरतं. कार्ड स्लॉटमध्ये "बसतं" म्हणून कुणी घेईल आणि मग कपाळावर हात मारील.

कोपऱ्यातला पंखा

६५०० एक्सटी मीही सुचवणार नाही. आरटीएक्स ३०६० १२ जीबी बघतोय, तिला सोळाच्या सोळा लेन आहेत. आणि "तीन वर्षांनी पुन्हा खर्च" म्हणता, तर तीन वर्षांनी भाचा स्वतः कमावत असेल. तेव्हा घेईल की एएम५, एएम६, काय हवं ते.

कंदी पेढा

घरी करा म्हणणं सोपं आहे. माझी गोष्ट ऐका. माझाही बी४५० च. ५६०० मागवला, तो यायच्या आधीच उत्साहात जुना २६०० विकून टाकला. नवा बसवला, बटण दाबलं, पंखे गरगर फिरतायत आणि डिस्प्ले नाही. रॅम काढून घातली, खोडरबराने घासली, कार्ड बदललं, काही नाही. बायोस, म्हणजे पीसी चालू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम, जुना होता. २०१९ च्या बायोसला ५६०० म्हणजे काय हेच माहीत नाही, तो प्रोसेसर आलाच २०२२ मध्ये! आणि माझ्या बोर्डात बायोस अपडेट करायला चालणारा प्रोसेसर हवा, तो मी विकलेला. शेवटी मित्राच्या पीसीतला प्रोसेसर दोन दिवस उसना आणला.

दुकानातून करून घेतलं असतं तर ही वेळ आली नसती. ज्याचं काम त्याने करावं.

रात्रपाळी

पेढेभाऊ, ही चूक क्रमाची आहे, हातांची नाही. जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अपडेट करायचा. बोर्डाचं पूर्ण नाव बोर्डावरच छापलेलं असतं, ते रिव्हिजनसकट वाचायचं आणि कंपनीच्या साइटवरच्या यादीत ५६०० समोर कुठली बायोस आवृत्ती लिहिलीय ते बघायचं. मगच पैसे मोजायचे.

पण तुम्ही सगळे ज्यावर भांडताय त्यातलं काहीच मला महत्त्वाचं वाटत नाही. भाच्याच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, कुठला आहे? १०५० टीआय ७५ वॉटमध्ये स्लॉटवरच भागवते, बहुतेक मॉडेल्सना वेगळी वायर लागतच नाही. म्हणजे त्या एसएमपीएसची आजवर परीक्षाच झालेली नाही. ३०६० लावली की कार्डच १७० वॉट मागणार.

बाजूचं झाकण काढा, टॉर्च मारा आणि स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरांत "४५० वॉट" असेल, त्यावर जाऊ नका. खाली तक्त्यात १२ व्होल्टचा रकाना बघा. माझ्या जुन्या एसएमपीएसवर तिथे २० अँपिअर होतं. १२ गुणिले २०, म्हणजे २४०. ३०६० चे १७०, प्रोसेसर पूर्ण भारावर ७५ च्या आसपास, इथेच ताळेबंद कोसळला. पंखे, बोर्ड, डिस्क अजून मोजलेच नाहीत. असा पीसी चालू होतो, डेस्कटॉपही दिसतो, आणि ऐन मारामारीत फट्‌कन बंद पडतो. मग आपण ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालतो.

आणखी एक, हे माझं मी भोगलेलं. नवा मॉड्युलर (केबल्स सुट्या निघणारा) एसएमपीएस घेतला तेव्हा कंटाळा केला आणि जुन्याच्याच, डिस्कला वीज देणाऱ्या साटा केबल्स आत ठेवून नव्याला जोडल्या. प्लग छान बसला. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, हे एसएसडी जळाल्यावर कळलं. फोटो होते त्यात.

गल्ल्यावरचा

मी दुकानात बसतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आम्ही "सगळं बदला" म्हणतो ते दर वेळी माल खपवायला नाही. सहा-सात वर्षं जुन्या बोर्डाला हात लावला आणि तो मेला, तर गिऱ्हाईक म्हणणार, "मी आणला तेव्हा चालू होता." बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डाची वीट होते, तीही आमच्या गळ्यात. शंभर-दोनशे रुपयांच्या मजुरीत ही जोखीम कोण घेणार?

दुसरं म्हणजे वाकलेल्या पिना. एएम४ ला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी पेस्ट वाळून सिमेंट झालेली असते. लोक कूलर सरळ वर ओढतात आणि प्रोसेसर लॉक न उघडताच सॉकेटातून उपटून येतो. मग पिशवीत घालून आणतात आणि म्हणतात, असाच आला होता. पिन वाकलेली असेल तर वॉरंटी कोणी देत नाही.

ओम शॉर्टसर्किटाय नमः

बघा, मी म्हणत होतो. एएम५ ला पिना बोर्डात असतात.

गल्ल्यावरचा

हो, आणि मग लोक बोर्डातल्या वाकवून आणतात.

रात्रपाळी

😄 कूलर काढायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवायचा, पेस्ट मऊ होते. मग पीसी बंद करून वायर काढायची आणि कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळत सोडवायचा. ओढायचा नाही. बायोसच्या वेळी यूपीएस लावा, लाइटचा प्रश्न मिटला.

कोपऱ्यातला पंखा

आत्ताच झाकण उघडून आलो. रात्रपाळी, तुमच्यापुढे हात जोडले. स्टिकरवर १२ व्होल्टला १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॉट. तेव्हा बजेट बदललं: या महिन्यात ५५० वॉटचा नावाजलेला एसएमपीएस आणि ३०६०, प्रोसेसर पुढच्या महिन्यात. कॅबिनेटमध्ये कार्डासाठी टेपने २७० मिलिमीटर जागा मोजली, म्हणून तीन पंख्यांची लांबलचक मॉडेल्स बाद. बोर्ड मात्र तोच राहणार, ओमभाऊ, त्यावर मी ठाम आहे.

बायोसची आवृत्तीही पाहिली, २०१९ चीच निघाली. रविवारी अपडेट करतोय, २६०० आतच ठेवून.

पेस्ट मऊ करायला आधी गेम चालवावा लागतो हे भाच्याला सांगून चूक केली. प्रोसेसर यायला महिना आहे आणि हा आतापासूनच पेस्ट मऊ करत बसलाय.