तीन पाळ्यांत काम करणाऱ्यांची एआरटीची (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराची) गोळी चुकते, वेळ कशी बसवायची?

घणसोलीची_कार्यकर्ती
नमस्कार. घणसोली, रबाळे, तुर्भे या पट्ट्यात एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांच्या पाठपुराव्याचं काम करते. बहुतेकांना टीएलडीची (टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकत्र असलेली) रोज एक गोळी सुरू आहे. एमआयडीसीतल्यांची पाळी दर आठवड्याला बदलते: सकाळी ७ ते ३, दुपारी ३ ते ११, रात्री ११ ते ७. यांच्या गोळ्या बाकीच्यांपेक्षा जास्त चुकतात. औषध फुकट मिळतं, घ्यायची इच्छाही आहे, तरी बाटलीत चार-पाच गोळ्या उरतात. त्यात एका खोलीत सहा-सात जण राहतात, त्यामुळे बाटली उघडायचीच भीती. नेमकं काय सांगावं? "विसरू नका" सोडून काहीतरी हवंय.

वेळापत्रक_ठाणे
ताई, आधी एक विचारा: गोळी "झोपताना" घ्यायची असं त्यांच्या डोक्यात आहे का? पूर्वीच्या टीएलई गोळीत इफाविरेन्झ होतं. त्यानं चक्कर यायची, विचित्र स्वप्नं पडायची, म्हणून ती झोपताना घ्यायची. टीएलडीत त्या जागी डोल्युटेग्राविर आहे, पण जुनी सवय आणि जुना सल्ला तसाच राहिलाय. पाळी बदलणाऱ्याला "झोपताना" ही वेळच नसते. पहिल्या पाळीत तो रात्री १० ला झोपतो, रात्रपाळीत सकाळी ९ ला. रविवारी रात्री १० ला गोळी घेतली आणि सोमवारपासून रात्रपाळी लागली, की पुढची गोळी थेट मंगळवारी सकाळी. मधे ३५ तास गेले. माणूस विसरलेला नाही, त्याला दिलेली वेळच चुकीची आहे.

तिन्ही पाळ्यांत माणूस जागा असतो अशी वेळ शोधायची. कागदावर तीन आडव्या रेघा काढा आणि झोपेचे तास काळे करा. बहुतेकांच्या दोन वेळा निघतात, सकाळी ८:३० किंवा रात्री ९. सकाळी ८:३० ला पहिल्या पाळीचा चहा, दुसऱ्या पाळीला तो घरीच, रात्रपाळीवाला नुकताच परतलेला. म्हणजे तीन आठवड्यांतून एकाच आठवड्यात गोळी सोबत न्यावी लागते. डोल्युटेग्राविरनं झोप उडते अशी तक्रार असेल तर सकाळचीच वेळ धरा.

मोबाइलच्या गजरावर विसंबू नका, बऱ्याच कंपन्यांत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. पहिल्या पाळीत गोळी चहाच्या सुट्टीला बांधा, बाकी दोन आठवडे घरच्या चहाला. घरचा गजर लावलाच तर त्याला "पाणी" असं साधं नाव द्या. जुन्या वेळेवरून नव्या वेळेवर कुठल्या दिवशी जायचं ते मात्र एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

गोळी चुकलीच तर आठवल्याबरोबर घ्यायची. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर चुकलेली सोडायची. दोन एकदम कधीच नाही.

औषधांची_फडताळ
वेळेबद्दल वरचं पटलं. आता बाटली. एका बाटलीत ३० गोळ्या आणि ओल शोषणारी सिलिकाची पुडी असते. ती पुडी फेकायची नाही, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नाहीच. बाटली खडखडते म्हणून लोक आत कापूस कोंबतात. तो ओल धरतो आणि गोळ्या ओलसर होतात. त्यापेक्षा बाहेरून बाटलीला रुमाल गुंडाळा आणि कुलूप लागणाऱ्या ट्रंकेत ठेवा. लेबल फाडू नका, अचानक दुसऱ्या दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर तेच उपयोगी पडतं. कामावर न्यायला किल्लीच्या जुडग्याला लावायची स्क्रूच्या झाकणाची डबी मिळते, त्यात एकच गोळी. मोटरसायकलच्या डिकीत, गॅसच्या वरच्या फळीवर किंवा मोरीत औषध ठेवायचं नाही.

दुसरा धोका म्हणजे गोळी घेतली तरी तिचं काम अडवणाऱ्या गोष्टी. रात्रपाळीत जळजळ होते आणि डायजिन, जेलुसिल सर्रास घेतलं जातं. त्यातलं मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम डोल्युटेग्राविरला पकडून ठेवतं, ते आतड्यातून रक्तात पुरतं उतरत नाही. म्हणून टीएलडी अशा औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम, फक्त या दोन्ही जेवणासोबत टीएलडीबरोबर घेतल्या तर चालतात. अ‍ॅसिडिटीच्या पँटोप्राझोल गोळीनं अडचण होत नाही.

मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच, डोल्युटेग्राविरमुळे तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन असेल तर डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी १२ तासांनी लागते, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवतात. हे टीबीच्या आणि एआरटीच्या, दोन्ही खिडक्यांवर माहीत असायला हवं.

घणसोलीची_कार्यकर्ती
"झोपताना"चा मुद्दा अगदी नेमका आहे, तिघांकडून तेच ऐकलंय. अजून दोन शंका. शनिवारी पिणारे त्या दिवशी गोळी मुद्दाम टाळतात. आणि काही जणांच्या बाटलीतल्या गोळ्या मोजल्या तर हिशोब बरोबर निघतो, पण व्हायरल लोड (एक मिलिलिटर रक्तातली विषाणूंची संख्या) वाढलेला. असं का?

समुपदेशन_कक्ष
दारू आणि गोळी एकत्र गेली की विष होतं हा समज पक्का बसलाय. स्पष्ट सांगा: प्यायलात तरी गोळी घ्यायचीच. दारू कमी करण्याचं बोलणं वेगळ्या दिवशी करा. दोन्ही एकदम काढलंत तर तो माणूस पुढच्या महिन्यात येणारच नाही. उपासाचंही तसंच. टीएलडीला जेवण लागत नाही, श्रावणी सोमवारी पाण्याबरोबर घेतली तरी चालते.

मोजणीचा हिशोब असा. ३० गोळ्या दिल्या, माणूस २८ दिवसांनी आला, तर २ उरायला हव्यात. ५ उरल्या म्हणजे २८ पैकी २५ घेतल्या, साधारण ८९ टक्के. आपल्याला ९५ टक्क्यांच्या वर हवं, म्हणजे महिन्यात फार तर एक चुकलेली. पण ओरडा बसणार हे माहीत असलं की लोक यायच्या आदल्या दिवशी उरलेल्या गोळ्या फेकून देतात. तुमच्याकडे हेच होत असण्याची शक्यता जास्त. म्हणून "रोज घेता ना?" असं विचारू नका, त्याला "हो" हेच उत्तर येतं. "काल कुठली पाळी होती? गोळी कुठे बसून घेतली? परवा?" असं चार दिवस मागे जा. ज्या दिवसाचं उत्तर अडखळतं तिथे कारण सापडतं. चुकलेली गोळी सांगणाऱ्याला आधी "बरं झालं सांगितलंत" म्हणा. गोळ्या खरंच घेतल्या असतील तर वरच्या डायजिनचा माग काढा.

व्हायरल लोड १००० किंवा त्याहून जास्त आला म्हणजे लगेच औषध बदललं असं होत नाही. आधी तीन महिने नेटानं समुपदेशन, गोळ्या नियमित झाल्याची खात्री, मग पुन्हा तपासणी. हा आकडा माणसाला त्याच्या भाषेत दाखवा. २०० च्या खाली टिकून राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे ऐकल्यावर अनेकांचा गोळीकडे पाहण्याचा दृष्टिकोनच बदलतो. आणि ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांना आवर्जून सांगा: टेनोफोविर, लॅमिवुडिन अचानक बंद केलं तर यकृताला जोरात सूज येऊ शकते.

कोपरी_ते_कणकवली
गणपती आणि शिमगा विसरू नका. लोक चार दिवसांचं सांगून जातात आणि दहा दिवस राहतात. निघण्याआधी गोळ्या मोजून किमान आठवडाभराच्या जास्तीच्या घ्यायला लावा, आणि त्या जवळच्या पिशवीत, गाडीच्या टपावरच्या बॅगेत नाही. मुक्काम लांबणार असेल तर आधीच केंद्रात सांगून गावाजवळच्या एआरटी केंद्रातून औषध घेण्याची सोय करून घ्यावी. हिरवं पुस्तक (एआरटी केंद्रातून मिळणारं उपचारांच्या नोंदींचं पुस्तक) सोबत हवंच.

घणसोलीची_कार्यकर्ती
मनापासून आभार. शेवटचं: केंद्रात जायला सुट्टी मागितली की सुपरवायझर ओपीडीचा कागद मागतो. काय करायचं?

समुपदेशन_कक्ष
काउन्सेलरला सांगून फक्त "रुग्णालयात तपासणीसाठी आले होते" एवढाच मजकूर असलेली चिठ्ठी मागा, विभागाचं नाव नको. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही, आणि नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. १०० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे, तो कोण आहे ते आधीच विचारून ठेवा. तब्येत स्थिर असेल तर एकदम तीन महिन्यांचं औषध मिळतं का तेही विचारा, म्हणजे सुट्ट्याच कमी लागतील. रात्री-अपरात्री शंका आली तर १०९७ वर फोन फुकट लागतो.